आत्याची खोली

आमच्या घराची पहिली रेघ आईनं चपलेच्या टाचेनं ओढली. जबलपूरच्या बाहेर, रिछाईच्या अलीकडे तेव्हा नुसतं माळरान होतं, बेशरमाची झुडपं आणि काळे गोटे. परसादी मिस्त्री चुन्याचं पोतं घेऊन मागे उभा होता, बाबा सायकल धरून उभे होते, आणि आई पदर कमरेला खोचून जमिनीवर घर काढत चालली होती. ही बैठक. इथं आमची खोली. इथं सुधाची, म्हणजे माझी. इथं स्वयंपाकघर. तिच्या पावलामागून मिस्त्री चुना टाकत येत होता. प्लॉटच्या मागच्या टोकाला एक एकटं जांभळाचं झाड होतं. तिथं ती थांबली, वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आणि ही ताईंची खोली."

ताई म्हणजे माझी कमलआत्या, बाबांची थोरली बहीण. तिच्या नवऱ्यानं तिला लग्नानंतर पहिल्याच दिवाळीला माहेरी आणून सोडलं आणि तो परत न्यायला आला नाही. आजी-आजोबा गेल्यावर ती बाबांकडे जबलपूरला आली ती कायमची. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. खमरियातल्या तोफगोळ्यांच्या फॅक्टरीत बाबा कामाला होते, तिथल्या आमच्या क्वार्टरला दोनच खोल्या होत्या. पुढच्या खोलीत आम्ही तिघं, आणि स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यांना लागून, आत्याचं अंथरूण. मधे दार नव्हतं, फुलाफुलांचा पडदा होता. नवं घर बांधायचं ठरलं तेव्हा आत्यानं आईकडे एक लहानशी खोली मागितली होती. आत्यानं त्या दिवशी काय केलं ते मला आजही दिसतं. मिस्त्रीनं चुन्याचा चौकोन पुरा केला तेव्हा ती हळूच पुढे आली, रेघेच्या बाहेर चपला काढल्या आणि आत जाऊन उभी राहिली. मिस्त्री हसला. आईसुद्धा हसली.

ठेकेदार लावायचा नाही हे आईनं आधीच ठरवलं होतं. "ठेकेदार म्हणजे दुसरा जावई," ती म्हणायची, "मान द्या, पान द्या, आणि वर त्याचाच रुसवा काढा." विटा आपण आणायच्या, रेती आपण उतरवून घ्यायची, मिस्त्री आणि मजूर रोजावर लावायचे. हे सगळं बोलायला सोपं होतं. बाबा फॅक्टरीत, पहाटेच्या भोंग्याला जायचे ते अंधार पडल्यावर यायचे, आणि सुट्टीच्या दिवशीही डोळ्यांवर झापड. आईची शिवणाची गिऱ्हाइकं होती, ती सोडता येत नव्हती. ज्या घराला ठेकेदार नाही त्या घरावर घरचं माणूस उभं लागतं, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. नाहीतर मिस्त्री बिडी ओढत बसतो, सिमेंटची पोती पाय फुटल्यासारखी चालू लागतात. घरचं माणूस म्हणजे कोण, हे कोणी विचारलं नाही. आत्या दुसऱ्या दिवशी सकाळी डबा बांधून बसस्टॉपवर उभी होती.

मी तेव्हा अकरावीत होते. शाळा सुटली की सायकलनं थेट साइटवर जायचे. लांबूनच आत्या दिसायची, विटांच्या चवडीवर, डोक्यावर ओला पंचा टाकून बसलेली. ती ठेंगणी होती, विटांवर बसली की पाय जमिनीला टेकत नसत. मजूर तिला दीदी म्हणत. तिचं हिंदी मराठीच्या काठीवर चालायचं, पण तिला त्याचं काही वाटत नसे. "भैया, वो रेती को पहले चाळ लो, उसमें गोटे हैं," असं ती म्हणायची आणि ते रेती चाळायचे. दुपारी जांभळाखाली बसून आम्ही दोघी डबा खायचो. ज्वारीची भाकर, झुणका, कच्चा कांदा, कधी आदल्या दिवशीची वांग्याची भाजी. मधूनच फॅक्टरीच्या रेंजवर तोफगोळ्यांची चाचणी चालायची, धडाम आवाज व्हायचा आणि ताज्या भिंतीवरून वाळूचे कण घरंगळायचे. आत्या घास हातात धरून थांबायची, भिंतीकडे बघायची. भिंत उभी आहे असं पाहिलं की मग जेवायची.

भिंतींना पाणी मारायचं कामही तिचंच. विटांचं बांधकाम ओलं राहिलं पाहिजे, नाहीतर कच्चं राहतं, हे मिस्त्रीनं तिला एकदा सांगितलं आणि मग तिनं ते देवपूजेसारखं धरलं. नळ नव्हता. शेजारच्या विहिरीवरून बादल्या आणायच्या आणि मगानं भिंतीवर फेकायच्या, सकाळी आणि उतरत्या उन्हात. सिमेंटच्या त्या पाण्यानं तिच्या हातांची सालं निघाली. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या, मिठाचा घास घेतला की झोंबायचं, म्हणून ती चमच्यानं जेवू लागली. मी रोज तिच्या हाताला मोहरीचं तेल चोळायचे. एकदा आई ते पाहत उभी होती. ती म्हणाली, "पुरे कर सुधा. तेलकट हातानं ताई भाकरीचं पीठ मळतील उद्या." एवढंच बोलली आणि शिवणाच्या मशीनवर जाऊन बसली.

आईचा आवाज कधी चढत नसे. हे सांगायला हवं, कारण आजकाल मी हे कोणाला सांगितलं की लोकांना एखादी कडाकडा भांडणारी बाई डोळ्यांपुढे येते. माझी आई तशी नव्हती. ती ठेवणीतली साडी नेसून, नीट वेणी घालून, संध्याकाळी साइटवर यायची. आत्याशी ती नेहमी अहो-जाहो करी. ती बांधकामाभोवती एक फेरी मारायची आणि जे चुकलं असेल ते तिला बरोबर दिसायचं. एकदा बैठकीच्या भिंतीला बाक आला होता. मिस्त्री त्या दिवशी लग्नाला गेला होता, त्याच्या जोडीदारानं भिंत चढवली आणि ती बाहेरच्या अंगाला झुकली. आत्याच्या ते ध्यानात आलं नव्हतं. आईनं ओळंबा सोडायला लावला. दोरी आणि भिंत यांत हात जाईल एवढी फट दिसली. सगळे मजूर हातपाय धुऊन निघायच्या तयारीत उभे होते. आई त्यांच्यादेखत, अगदी मऊ आवाजात म्हणाली, "ताई, डोळे कुठं होते तुमचे? नवऱ्यावर लक्ष ठेवता आलं नाही, भिंतीवर तरी ठेवा."

मजुरांना मराठी कळत नव्हतं असं म्हणावं तर जबलपूरला सगळ्यांना थोडं थोडं कळतं. एक बाई डोक्यावरचं घमेलं तसंच धरून उभी राहिली. परसादीचा जोडीदार खाली बघून खोकला. आत्या म्हणाली, "उद्या पाडून घेते." आणि दुसऱ्या दिवशी तिनं ती भिंत पाडून घेतली, विटा एकेक करून साफ केल्या आणि पुन्हा रचून घेतली. मी बाबांना ते सांगितलं. बाबा बूट काढत होते. "तुझ्या आईचा स्वभाव तुला माहीत आहे ना," ते म्हणाले. मला माहीत होता. त्यांनाही माहीत होता. त्यांनी बूट कॉटखाली सारले आणि विचारलं, "जेवायला काय आहे?"

मला पुष्कळदा वाटतं की आत्या हे सगळं सोसत होती ते त्या मागच्या खोलीच्या जोरावर. त्या खोलीचं काम निघालं तेव्हा मी तिला पहिल्यांदा हुकूम सोडताना ऐकलं. बाकी घरात ती आईनं सांगितलेलं मिस्त्रीला सांगायची. इथं ती स्वतःचं सांगत होती. कोनाडा तिनं दोनदा खाली घ्यायला लावला. "मिस्त्री, इतना ऊपर मत करो, मेरा हाथ नहीं पहुँचता," ती म्हणाली आणि हात वर करून दाखवला. परसादीनं तिच्या मनगटाशी विटेनं खूण केली. खिडकी जांभळाकडे. जमीन घोटीव पाहिजे, खरबरीत नको, कारण तिला खाली झोपायची सवय. दाराला आतून कडी. ती कडी तिनं स्वतः बाजारात जाऊन आणली, पितळेची, आणि सुतारापुढे बसून बसवून घेतली. "आतून कडी कशाला ग आत्या?" मी विचारलं. ती लाजली. "अशीच. आतापर्यंत कधी लावली नाही ना."

स्लॅब पडला त्या दिवशी तिला ताप होता. सकाळी उठली तेव्हा डोळे लाल होते, आणि बाबा म्हणाले, आज राहू दे ताई. आई पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, "स्लॅब एकदाच पडते. ताप पुन्हा येईल." आत्या गेली. मीही त्या दिवशी शाळा बुडवली. मिक्सरचा खडखडाट, घमेल्यांची रांग, शिडीवर बाया एकीच्या हातातून दुसरीच्या हातात माल चढवत होत्या, आणि आत्या खाली भर उन्हात उभी राहून मालात पाणी जास्त तर होत नाही ना हे बघत होती. उलटी झाली तर ती झाडामागे गेली, चूळ भरली आणि परत आली. संध्याकाळी काम संपल्यावर आईनं सगळ्यांना खोव्याची जलेबी वाटली. मजुरांनी जयजयकार केला, बाई साहब की. आई हसून हात जोडत होती. आत्याला जलेबी घ्यायला कोणी हाक मारली नाही, आणि ती विटांवर डोकं टेकून झोपी गेली होती.

वास्तुशांत जवळ आली तशी पाहुणेमंडळी जमू लागली. माझी मावशी आली. एका दुपारी मी बाहेर तांदूळ निवडत होते आणि आतल्या खोलीत ती आणि आई बोलत होत्या. मावशी विचारत होती, "खरंच देऊन राहिली का तू खोली त्यांना?"

"द्यायची कशाला?" आई म्हणाली. "आशा लावून ठेवली म्हणून वर्षभर उभी राहिली. माणूस आशेवर राबते तसं मजुरीवर राबत नाही."

मावशी हसली नाही, एवढं तिच्याबद्दल मला सांगता येईल. मी सूप तिथंच ठेवलं, सायकल काढली आणि साइटवर गेले. आत्या खोलीच्या भिंतीला चुन्याचा शेवटचा हात देत होती. रंगाऱ्यानं ती खोली उरकून टाकली होती म्हणून तिनं स्वतः कुंचा घेतला होता. मी तिला सगळं सांगितलं, शब्द न शब्द. ती ऐकत राहिली. मग तिनं कुंचा बादलीत ठेवला आणि माझ्याकडे अशा रागानं पाहिलं की मी मागे सरले. तशी ती माझ्यावर आधी कधी रागावली नव्हती. "आपल्या आईबद्दल असं बोलतात का?" ती म्हणाली. "सगळ्यांसमोर दिली तिनं खोली मला. तुझा बाप उभा होता. मिस्त्री उभा होता. तू पण उभी होतीस."

वास्तुशांतीच्या सकाळी क्वार्टरमधलं शेवटचं सामान हातगाडीवर आलं. त्यात आत्याची लोखंडी पेटी होती. "मागच्या खोलीत ठेवू का?" तिनं विचारलं. आई म्हणाली, "असू द्या तिथंच व्हरांड्यात, नंतर पाहू." आत्यानं ती पुसून भिंतीशी नीट लावून ठेवली. अमरावतीहून बाबांचे भाऊ, धाकटे काका, आले होते. होम झाला, धुरानं सगळ्यांचे डोळे चुरचुरत होते, नव्या चुन्याचा आणि तुपाचा वास कोंदला होता. जेवणं व्हायच्या आधी आईनं सगळ्या बायकांना बैठकीत बोलावलं. "ताई, इकडे या. पाटावर बसा," ती म्हणाली.

आत्याची ओटी माझ्या आठवणीत कोणी भरली नव्हती. मंगळसूत्र गळ्यात असूनही हळदीकुंकवाला बायका तिला चुकवून पुढे जात. आईनं तिला कुंकू लावलं, नारळ, तांदूळ, खण आणि जांभळ्या काठाची एक चांगली साडी तिच्या पदरात घातली. आत्या हसत होती. इतकी हसत होती की मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं असेन. मग आईनं तिला वाकून नमस्कार केला आणि उठून सगळ्यांकडे बघत म्हणाली, "ह्यांनी फार कष्ट काढले आमच्या घरासाठी. आता आराम पाहिजे त्यांना. काही दिवस भाऊजींकडे अमरावतीला राहतील. भाऊजी, आजची नागपूरची बस मिळते ना?"

बायका "हो, हो, आराम पाहिजेच" म्हणाल्या. काकांना हे आधीच कळवलेलं होतं, ते खाली बघत होते. आत्या पदर दोन्ही हातांनी धरून बसली होती, ओटीतले तांदूळ सांडू नयेत म्हणून. तिनं आधी आईकडे पाहिलं, मग बाबांकडे. बाबा दारात उभे होते.

मी म्हणाले, "मागची खोली आत्याची आहे. तूच म्हणाली होतीस."

"आहेच ना," आई म्हणाली, आणि माझ्या गालावरून हात फिरवला. "त्या येतील तेव्हा राहतील. कोणाची दुसऱ्याची आहे का?"

मी बाबांना म्हटलं, "बाबा, सांगा ना." बाबांनी घसा साफ केला. मला अजून तो क्षण जसाच्या तसा आठवतो, कारण त्या क्षणी मला वाटलं होतं की आता ते बोलतील. ते काकांकडे वळून म्हणाले, "पेटी जड आहे. टपावर टाकावी लागेल." मी मोठ्यानं रडू लागले तेव्हा आत्याच माझ्यावर खेकसली. "गप बस. शुभ दिवस आहे. तुझं तोंड चालतं आणि ऐकावं मला लागतं."

ती पंगतीला बसली. तिनं पोटभर जेवण केलं, बासुंदी मागून घेतली. मग उठून हात धुतले आणि बाहेरच्या व्हरांड्यातून पेटीचं एक कडं स्वतः धरलं. मागच्या खोलीकडे ती गेली नाही. मी तिला रिक्षापर्यंत सोडायला गेले तेव्हा ती एवढंच म्हणाली की नव्या जमिनीवर इतक्यात जड सामान ओढू नका, ओरखडे पडतात.

संध्याकाळी पाहुणे पांगले. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर चहाचा कप घेऊन बसली आणि मला तिनं जवळ बोलावलं. मी गेले नाही, लांबच उभी राहिले. "तुला वाटते मी दुष्ट आहे," ती म्हणाली. "वाटू दे. लग्न होऊन आली त्या दिवसापासून त्या बाईचा श्वास ऐकून राहिली मी. ह्यांच्याशी भांडले तर पडद्याआड ती. हसले तर ती. तू जन्मलीस तेव्हा कळा सोसतानासुद्धा ओरडले नाही मी, ती ऐकेल म्हणून. कधी उलटून बोलली असती तर बरं झालं असतं. ती बोलत पण नव्हती."

"मग आधीच काहून नाही सांगितलं तिला?"

आईनं माझ्याकडे खरोखरच्या आश्चर्यानं पाहिलं. "आधी सांगितलं असतं तर घर कोणी बांधलं असतं?"

हे लिहिताना मला पुष्कळदा मोह झाला की पुढे आईला ह्याची शिक्षा मिळाली असं काहीतरी सापडावं. मी आयुष्यभर त्याची वाट पाहिली असं म्हटलं तरी चालेल. तसं काही झालं नाही. आई त्या घरात फार सुखात राहिली. भिंतींना कधी ओल आली नाही, स्लॅब गळला नाही. कॉलनीत नवं घर बांधणारे लोक तिला सल्ला विचारायला येत, आणि ठेकेदाराशिवाय घर कसं उभं केलं हे ती चहा पाजून सांगत बसे. ती कामं करताना गायची, क्वार्टरमध्ये मी तिला कधी गाताना ऐकलं नव्हतं. तिचा आवाज गोड होता. मागची खोली पाहुण्यांची म्हणून ठेवली होती, पण आमच्याकडे राहायला येणारे पाहुणे फारसे नव्हतेच. ती वर्षानुवर्षं रिकामी राहिली, आणि आई ती रोज झाडून घ्यायची. मी आईशी बोलणं टाकलं असंही झालं नाही. माझी बाळंतपणं तिनं केली, माझ्या आजारपणात ती माझ्या उशाशी बसून राहिली. आणि एका दुपारी, जेवून आडवी झाली असताना, झोपेतच गेली. लोक म्हणाले, पुण्यवान.

वास्तुशांतीनंतर आत्याला मी एकदाच भेटले, आई असतानाच. नोकरी लागल्यावर, पहिल्या सुट्टीत, एकटीच अमरावतीला गेले. धाकट्या काकांच्या घरावर तेव्हा वरचा मजला चढत होता. ठेकेदार नव्हता. वर जी खोली निघत होती ती पुढे काकांच्या सुनेला मिळाली आणि आत्या जिन्याखाली झोपत राहिली, शेवटपर्यंत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्यासारखं कोणाला आशेवर राहायला नको. पण त्या दिवशी हे तिला माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं.

ती अर्ध्या जिन्यात उभी होती, हातात रबरी नळी घेऊन. केस पुरे पांढरे झाले होते. तिनं मला पाहिलं आणि आनंदानं ओरडलीच, पण नळी सोडली नाही, कारण समोरची भिंत अजून अर्धीच भिजली होती. मी खालच्या पायरीवर बसले. तिनं बाबांची चौकशी केली, माझ्या नोकरीची केली, आईचे गुडघे कसे आहेत ते विचारलं. मग इकडेतिकडे बघून, काकू जवळपास नाही अशी खात्री करून, ती वाकली.

"वरची खोली मला देणार म्हणून राहिला तुझा काका," ती म्हणाली.

मी तिच्या हातांकडे बघत होते. तिला वाटलं, माझा विश्वास बसला नाही.

"मी मागितली नाही हो ह्या वेळी," आत्या म्हणाली. "त्यानं आपण होऊन सांगितलं."